उंदरांच्या कोठारावर फुली

११ सप्टेंबर १९४९

लिहायचं टाळत होतो. जूनपासून! वही तेव्हाच मोजणीच्या साहेबाने, हाल्वर्सनने, दिली होती. मोजणीवाल्यांची, मेणकापडी पुठ्ठ्याची, पावसात न भिजणारी. म्हणाला, काहीही लिही, पण पेन्सिल हातात धरायची सवय ठेव. मी काय केलं? पहिल्या पानावर घोडा काढला. दुसऱ्या पानावर त्याच घोड्याचे पाय पुन्हा काढले, कारण पहिल्या पानावर ते गायीचे झाले होते. तिसरं पान फाडून शेकोटी पेटवली. मग रोज तेच. उद्या लिहू.

आज पाऊस आहे, काम बंद आहे, आणि तंबूभर स्वयंपाक्याच्या मोज्यांचा वास आहे. म्हणून वही उघडली.

खरं सांगायचं तर लिहायला बसलं की फिरून फिरून कुठं येऊन थांबणार हे माहीत होतं. थांबलोच बघ, तिसऱ्याच परिच्छेदात.

अल्वीना. माझी बायको. खाली नदीकाठच्या झाडीत कुठंतरी पुरलीय. कुठं, ते मला माहीत नाही.

१२ सप्टेंबर

ऊन पडलं. चिखल. मोजणी पुन्हा चालू.

हाल्वर्सन तिपाईवर फळा मांडतो. फळ्यावर कागद, कागदावर दुर्बीण बसवलेली पट्टी. आणि मी लाल-काळ्या खुणांची उंच काठी खांद्यावर टाकून चालत सुटतो. तो लांबून हात वर करतो तिथं थांबायचं, काठी सरळ उभी धरायची, खोकला आला तरी दाबायचा. तो दुर्बिणीतून बघतो, कागदावर ठिपका टाकतो, हात हलवतो. चल पुढे. सारख्या उंचीचे ठिपके जोडले की एक रेष होते. अशा रेषाच रेषा, कांद्याच्या कापासारख्या.

त्यातली एक रेष तो निळ्या पेन्सिलने काढतो. ती पाणरेषा. खाली मिसूरी नदीवर धरण बांधणार आहेत. पाणी तुंबत तुंबत त्या रेषेपर्यंत येईल. रेषेच्या खालचं सगळं जाणार. कॉटनवूडची झाडी, बेरीची झुडपं, शाळा, माझ्या मेहुण्याचं कुरण, सासूचं घर. वर राहणार नुसता माळ. माळावर काय आहे? वारा आणि गवत. मी माळावरचाच, म्हणून सांगतो. वाराच जास्त.

आणि थडगी. थडगं दिसलं की हाल्वर्सन कागदावर बारीक फुली मारतो. ज्यावर फुली आहे ते थडगं सरकार वर टेकाडावर हलवणार. फुली नाही त्यावर पाणी.

आज झाडीत काठी धरून उभा होतो आणि एकदम मनात आलं, इथंच असली तर? माझ्या पायाखालीच? खाली बघितलं. गवत, वाळकी पानं, एक गोगलगाय. हाल्वर्सन तिकडून ओरडत होता, काठी वाकडी झाली म्हणून.

१४ सप्टेंबर

स्वयंपाक्याने कॉफीत मीठ घातलं. कबूल करत नाही.

१५ सप्टेंबर

आज दुपारी सासू दिसली. झाडीतून बाहेर येत होती, पाठीला पिशवी. मी काठी टाकली आणि गाडीच्या मागे जाऊन बसलो. तीही मला बघून शाल डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून लांबच्या अंगाने गेली.

हाल्वर्सनने विचारलं, भांडण आहे का?

नाही, म्हटलं, मान आहे. आमच्यात, इथल्या मूळच्या लोकांत, जावई सासूशी बोलत नाही. तोंडाकडे बघत नाही. तीही नाही. जितका मान मोठा तितकं अंतर मोठं.

त्याने पाइप तोंडातून काढून जरा विचार केला. मग म्हणाला की असा नियम मिनेसोटात असता तर तो आज इथं उन्हात नसता, घरी जेवत असता. त्याच्या बायकोची आई त्यांच्याच घरी राहते म्हणे. मग तो तिच्याबद्दल बराच वेळ बोलला. मासे कसे शिजवते ते सांगितलं. मासा चुन्याच्या पाण्यात भिजवून त्याचा लगदा करतात! मला वाटलं थट्टा करतोय. नव्हता करत.

कुठं होतो मी? हां. सासू.

तर बोलायचं नाही असं असलं तरी बोलणं अडत नसे. मध्ये अल्वीना असे. आम्ही तिघं एकाच खोलीत, चुलीच्या दोन बाजूंना पाठी करून आम्ही दोघं, आणि मध्ये ती. सासू म्हणायची, “सांग त्याला, पातेल्यात मांस आहे.” मला ऐकू आलेलंच असायचं. तरी अल्वीना माझ्याकडे वळून म्हणायची, “आई म्हणते, तू फार खातोस.” मी म्हणायचो, “सांग तिला, मांस छान झालंय.” ती तिकडे वळून सांगायची, “हा म्हणतो, मीठ कमी आहे.” सासूची पाठ हलायची. हसू दाबताना पाठ कशी हलते ते मला तिथंच कळलं. चार वर्षं मी त्या बाईचं हसू पाठीवरून ओळखत होतो. तोंड अजून नीट बघितलेलं नाही.

अल्वीना गेली आणि तो मधला रस्ताच गेला.

१८ सप्टेंबर, रविवार

क्लेमेंट आला होता छावणीवर. क्लेमेंट म्हणजे अल्वीनाचा धाकटा भाऊ. वसंतात पलटणीतून सुटून आला, आता आईजवळ राहतो. मेहुण्याने दाजीची खेचलीच पाहिजे असा आमच्याकडे दंडक आहे, आणि हा पोरगा दंडक मोडणाऱ्यातला नाही. घोड्यावरून उतरायच्या आधीच सुरू.

“काय दाजी, सरकारने तुला काठी धरायला ठेवलंय म्हणे. कुंपणाचा खांब हेच काम फुकट करतो.”

मी म्हटलं, खांब तुझ्यासारखा वाकडा निघाला तर?

“खांब निदान पळून तरी जात नाही दर दोन महिन्यांनी.”

हे लागलं. पण खरं आहे. मी टिकत नाही कुठं. ते पुढे कधीतरी.

त्याला कॉफी दिली, मिठाची. प्यायला बिचारा, वाटलं असेल इथली अशीच असते. मग विचारलं. म्हटलं, आईला विचार अल्वीना कुठं आहे ते. म्हणजे मी हाल्वर्सनला सांगतो, फुली पडते, तिला वर आणतात. या पट्ट्याचा कागद ऑक्टोबरच्या मध्याला शाईने पक्का होणार. एकदा शाई झाली की झालं.

क्लेमेंटलाही जागा ठाऊक नाही. ती गेली तेव्हा तो शाळेत होता, लांबच्या, राहायच्या. मी सॅनेटोरियमात होतो. दोघांनाही एकाच हिवाळ्यात छातीचं दुखणं लागलं होतं, मला आधी नेलं, तिची खाट लागायची होती. पंचेचाळीसच्या मार्चमध्ये नर्स माझ्या खाटेशी येऊन बसली आणि माझा हात धरला. नर्सा कधी बसत नसत. सासऱ्याने आणि सासूने दोघांनीच पुरलं तिला, वर चर्चच्या आवारात नाही, खाली झाडीत, घराच्या जवळ. लाकडी क्रूस लावला होता. त्याच वसंतात नदीचा बर्फ फुटला, पाणी झाडीत शिरलं, क्रूस गेला, वर हातभर गाळ बसला. मी सुटून येईपर्यंत सासराही गेला होता. मग विचारायचं कुणाला? आणि कुणाच्या तोंडाने?

क्लेमेंट म्हणाला विचारतो. जाताना एक टोमणा मारायचा राहिला तर घोडा वळवून परत आला आणि मारून गेला. इथं लिहिण्यासारखा नाही.

२० सप्टेंबर

उत्तर आलं. सासू म्हणते, नाही.

क्लेमेंटने तिचेच शब्द सांगितले, खाली बघत. नदीच्या वरच्या अंगाला दुसरं धरण होतंय, तिथल्या बायका तिला सांगून गेल्यात. परकी माणसं येतात, पहारी मारतात, सिगारेट ओढत हाडं वर काढतात, सारख्या मापाच्या पेट्यांत घालतात, पेटीवर आकडा रंगवतात. कुणाची पेटी कुठली याचा घोळ होतो. “माझ्या मुलीला आकडा लावून घ्यायचा नाही. पाणी येऊ दे. पाणी निदान हात लावत नाही.”

पण मला नुसती फुलीच हवी आहे असं थोडंच! मला एकदा तिथं उभं राहायचंय. दिवसभर तेच तर करतो. हाल्वर्सन हात वर करील तिथं जाऊन उभा राहतो. सगळ्या झाडीत, सगळ्या दरीत उभं राहून झालं. एवढीच जागा राहिली. किंवा राहिलीही नसेल, न कळता उभा राहून आलो असेन. ते आणखी वाईट.

२१ सप्टेंबर

काम चांगलं झालं. तुटक्या कड्यावर सापाची कात सापडली, अखंड, डोळ्यांसकट. टोपीला लावली. स्वयंपाकी मला जेवायला वाढेना.

म्हणाला होतो ना, कुठं टिकत नाही ते लिहीन. सॅनेटोरियममधून सुटलो तेव्हापासून नेब्रास्कात बीट उपटले, बटाटे काढले, डेन्व्हरमध्ये एका हॉटेलात भांडी घासली, एका रोडिओत, म्हणजे बैल-घोड्यांच्या खेळात, बैलाला वाट दाखवायचं काम केलं. बैलाने मला दाखवली. मालगाडीच्या टपावरून वायोमिंग बघितलं. जिथं जाईन तिथं पहिले काही दिवस बरं वाटायचं. मग एखाद्या सकाळी कुणीतरी माझ्या शेजाऱ्याला म्हणायचं, “सांग त्याला, पाव आहे अजून,” अगदी साधं, आणि मी त्या दिवशी गाठोडं बांधायचो.

या कामावर मात्र तीन महिने टिकलोय. कारण लिहीत नाही. वर लिहिलंच आहे.

२४ सप्टेंबर

सापडली! सापडली!

अक्षर बघ कसं आलंय. सकाळी झाडीच्या वरच्या टोकाला काठी घेऊन होतो. वीज पडून दुभंगलेलं एक जुनं कॉटनवूड आहे, त्याच्या पलीकडे सासू दिसली. माझी पाठ तिच्याकडे हवी होती. नव्हती. पाप असेल तर असो. झुडपाआड बसलो.

ती गुडघ्यांवर होती. जमिनीशी वाकून काहीतरी बोलत होती, हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसं. मग पिशवीतून मका काढला, मूठ-मूठ, आणि तिथं ठेवला. वर पानं सारखी केली. हाताने थापटली. लहान मुलाला झोपवताना थापटतात तशी.

मेलेल्यांना खायला ठेवतात. आणखी कशाला ठेवील?

ती गेल्यावर मी जवळ गेलो नाही. लांबूनच टोपी काढून उभा राहिलो. सापाची कात वाऱ्याने उडून गेली.

हाल्वर्सनने हात वर केलाच होता पलीकडून. त्याला काय माहीत.

२५ सप्टेंबर

रात्रभर उलटसुलट विचार केला. तिने नाही म्हटलंय. पण पाणी तिच्यावर चढलेलं मला बघवायचं नाही. आणि पेटीवर आकडा रंगवू देणार नाही ना मी! मी स्वतः तिथं उभा राहीन, मीच उचलीन, कुणाला हात लावू देणार नाही. मी तर सरकारी माणूस आहे आता, काठीचा का होईना.

हाल्वर्सनला सांगितलं. आम्ही दुभंगलेल्या झाडापाशी गेलो, मी काठी धरली. सरळ धरली या वेळी, केस हलू दिला नाही. त्याने फुली मारली. मग फळ्यापाशी थोडा वेळ उभा राहिला, पाइप न पेटवता.

रडलो नाही तिथं. आत्ता रडतोय, कांदे सोलायला स्वयंपाक्याने बसवलंय ते बरंच झालं.

२८ सप्टेंबर

लिहू की नको.

क्लेमेंट आला, हातात झाकणाचा डबा. आईने रस्सा पाठवलाय म्हणाला, दाण्यांचा, कुणासाठी ते बोलली नाही पण मांस जास्त घातलंय. दाणे म्हणजे आमच्याकडे खालच्या झाडीत जमिनीखाली पिकतात ते, रानातले, गोडसर. अल्वीना असताना दर पानगळीत खायचो. मी तिथंच उभ्याने खाल्ला, बोटाने डबा पुसून. आणि खाता खाता त्याला सांगून टाकलं. म्हटलं, मला कळलंय अल्वीना कुठं आहे ते. दुभंगलेल्या झाडाच्या पलीकडे. तुझी आई तिथं मका ठेवताना बघितली.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग डब्याकडे बघितलं. मग त्याला हसू फुटलं, असं फुटलं की खाली बसला.

“दाजी, ते उंदरांचं कोठार आहे!”

मला कळेना.

“हे दाणे काय आई नखांनी उकरते? उंदीर गोळा करतात, बिळात साठवतात. बायका त्यांचं अर्धं घेतात आणि बदल्यात मका ठेवतात. हिवाळ्यात त्यांची पोरं उपाशी मरू नयेत म्हणून. माफी मागतात, गप्पा मारतात. तुला इतकंही ठाऊक नाही? तू आत्ता खाल्लंस ते तिथलंच!”

मी माळावरचा. हे खालच्या झाडीतल्या बायकांचं. मी फक्त खाल्ले होते दाणे, कुठून येतात ते कधी विचारलं नव्हतं. अल्वीना असती तर तिने मला त्या बिळाशी नेऊन उंदरांशी नातं जुळवून दिलं असतं — हे तुझे चुलतसासरे वगैरे.

क्लेमेंट हसतच होता. “मोठी मोजणी आहे बुवा! सरकारचे लोक येतील, पेटीत उंदीर घालतील—” आणि माझं तोंड बघून थांबला.

म्हणाला, “तू फुली नाही ना मारलीस?”

मी डबा खाली ठेवला.

त्याने डबा उचलला, झाकण लावलं, दोनदा चुकीचं लागलं. जाताना टोमणा मारला नाही. लांबवर त्याचा घोडा दिसेनासा होईपर्यंत वाट बघितली, परत वळेल म्हणून. नाही वळला.

२ ऑक्टोबर

हाल्वर्सनला सांगितलं. सगळं, उंदरांसकट. वाटलं हसेल. तो म्हणाला, त्याने आजवर बऱ्याच चुका केल्यात कागदावर, पण जिथं बाई मका ठेवते तिथली फुली ही त्यातली सगळ्यात वाईट नव्हे.

मग रबर माझ्या हातात दिलं. तो स्वतःच्या कागदाला दुसऱ्याला बोट लावू देत नाही, स्वयंपाक्याने एकदा त्यावर कप ठेवला तर दोन दिवस बोलला नव्हता. मी फुली पुसली. हलक्या हाताने. तरी दाबाची खूण राहिलीच, तिरपं बघितलं की दिसते.

त्या पट्ट्यात आता एकही फुली नाही.

५ ऑक्टोबर

सासू झाडीत जायची बंद झाली. दाणे नाहीत, बेरी नाहीत, लाकडंसुद्धा क्लेमेंट आणतो. क्लेमेंटच सांगून गेला, घोड्यावरूनच. जावई पाळतीवर असतो हे कळल्यावर कशी जाईल? चार वर्षं तिने अल्वीनापाशी कुणाला कळू न देता जाऊन यायचं जमवलं होतं, तेही मी घालवलं. हिवाळ्याच्या तोंडावर.

आज दिवसभर काठी वाकडी. हाल्वर्सन एकदाही ओरडला नाही.

९ ऑक्टोबर, रविवार

सासूच्या घरी जाऊन आलो. पायी. वाटेत एक ससा भेटला, त्याच्या मागे उगाच लांब गेलो, खरं तर पोचायचं नव्हतं म्हणून. तरी पोचलो.

ती दाराबाहेर बसून मक्याची कणसं सोलत होती. मला बघितलं, शाल ओढली, भिंतीकडे तोंड करून बसली. आत नाही गेली. मीही अंगणात, गाडीच्या चाकाला टेकून, तिच्याकडे पाठ करून बसलो. मध्ये क्लेमेंटचा पिवळा कुत्रा. त्याचं नाव सार्जंट, पलटणीतल्या कुणावरून तरी. क्लेमेंट घरी नव्हता. मध्ये कुणीच नाही, हा कुत्राच.

मग मी कुत्र्याशी बोललो. कुत्र्याशी बोलायला कसली बंदी?

म्हटलं, “सार्जंट, मी फुली पुसली. दुसरी मारणार नाही.”

मागे कणसं सोलायचा आवाज थांबला.

“मी पाळत ठेवली, ते वाईट केलं. झाडीत आता माझं काम नाही, आम्ही वर गेलोय. जिला जायचंय तिने खुशाल जावं, तिकडे कुणी बघत नाही.”

सार्जंटने कान खाजवला.

“पाणी या घराच्या धुराड्यावरून जाईल. बरंच वरून. मी स्वतः काठी धरली होती म्हणून सांगतो. टेकाडावर जिथं आम्ही मोजणीची खूण म्हणून पितळी टोपी ठोकलीय, तिथं मात्र कधी येणार नाही. अल्वीनाला इथंच ठेवायचं असेल तर राहू दे. ती तुझी— ती तिच्या आईची आधी, माझी मागून. मी विचारणार नाही आता. मी आपला वर टोपीपाशी बसून खाली बघीन. एवढ्या पाण्यात कुठंतरी असेलच.”

एवढं बोललो आणि कुत्र्याच्या मानेत तोंड घातलं. घाण वास येत होता त्याला, कुठंतरी लोळून आलेला.

सावली चाकाच्या पलीकडे गेली. मग मागून आवाज आला. चार वर्षांनी. आवाज म्हातारा झालाय.

“सार्जंट, ओल्या जमिनीवर बसू नये. छाती भरते.”

मी उठलो. उठून आलो. वाटेत कितीदा थांबलो ते लिहीत नाही.

१० ऑक्टोबर

खोकला. स्वयंपाक्याने काहीतरी कडू उकळून दिलं. प्यालो.

१३ ऑक्टोबर

पहिलं दव गोठलं. झाडी एका रात्रीत पिवळी. वरून बघितलं तर नदीच्या दोन्ही बाजूंनी कुणी दिवे लावल्यासारखी.

हाल्वर्सनने शाई सुरू केली. तंबूत कुणी चालायचं नाही, शिंकायचं नाही. डोकावून बघितलं. रेषा मातकट, नदी निळी. सासूचं घर म्हणजे एक काळा चौकोन, मुंगीएवढा. झाडी हिरवी रंगवतात म्हणे छापताना. मी विचारलं, पाणी आल्यावर? म्हणाला, मग नवा नकाशा. मग पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाला की दक्षिणेकडे काम आहे हिवाळाभर, काठीला माणूस लागेल, येतोस का?

येतो म्हटलं. चटकन म्हटलं. मला इथला हिवाळा नको.

सोमवारी तंबू उतरवायचे.

१५ ऑक्टोबर

गाठोडं बांधलं. एवढुसं झालं. क्लेमेंटला निरोप द्यायला गेलो तर घरी कुणी नाही. सासू नाही, घोडे नाहीत, गाडी नाही. सार्जंट एकटा दाराशी बांधलेला, कधी नसतो बांधलेला. शेजारची म्हातारी म्हणाली, दोघं मायलेक पहाटेच झाडीत गेले, कालही गेले होते, मदतीला येतो म्हणालेल्यांनाही बरोबर घेतलं नाही.

लाकडं आणायला गेले असतील. हिवाळा आहे.

भेट झाली नाही, बरंच झालं. निरोप मला घेता येत नाहीत.

१६ ऑक्टोबर

घाईत लिहितोय, गुडघ्यावर.

टेकाडावर होतो, शेवटचं सामान बांधत. हाल्वर्सनने दुर्बिणीतून आधी बघितलं आणि मला हाक मारली. खालून गाडी वर चढतेय. सासू हाकतेय, शाल पार तोंडावर. क्लेमेंट पुढे पायी, घोड्याच्या लगामाला धरून, खांद्यावर फावडं, कोपरापर्यंत माती. मागे गाडीत चांदणीच्या नक्षीची नवी गोधडी, चारी बाजूंनी शिवून बंद केलेली. लहानशी. इतकी लहान कशी?

पितळी टोपीपासून थोडं खाली गाडी थांबली. सासू उतरली, माझ्याकडे पाठ करून, गोधडीवर एक हात ठेवून उभी आहे. हाल्वर्सनने टोपी काढली. क्लेमेंट माझ्यापर्यंत चालत आला. टोमणा नाही.

“दाजी, आई म्हणते, जागा दाखव.”

कुठून आणली, मी विचारलं नाही.

अल्वीना आलीय.